तेरच्या इतिहासासाठी इंटरॅक्टिव्ह दालन करायचं तर काय ठेवावं, काय टाळावं?

तगरवाट

नमस्कार मंडळी. मी प्रदर्शनं आणि संग्रहालयांच्या मांडणीचं काम करतो, मूळचा धाराशिव जिल्ह्यातला. सध्या कुणी सांगितलेलं नसताना स्वतःहून एक आराखडा करायला घेतलाय, नीट जमला तर संबंधितांपुढे ठेवीन. विषय तेर. तिथल्या इतिहासासाठी इंटरॅक्टिव्ह दालन करायचं झालं तर त्यात काय असावं आणि काय अजिबात नसावं, यावर इथल्या लोकांचं मत हवंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' हे समुद्री व्यापाराचं टिपण आहे, त्यात म्हटलंय की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे आणि तिथलं साधं कापड, मलमल असा माल गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराकडे जातो. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंतून तिथलं संग्रहालय उभं राहिलं, त्यांचंच नाव त्याला आहे. सातवाहन काळातले मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या आणि केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती, आणि सगळ्यात गाजलेली ती हस्तिदंती स्त्रीमूर्ती. हिच्या घडणीशी जुळणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पोम्पेईच्या उत्खननात सापडली. पोम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधी भारतातून तिथं गेलेली.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. स्क्रीन कमीत कमी असाव्यात, आणि जे काही इंटरॅक्टिव्ह असेल ते करून झाल्यावर माणूस परत त्या कपाटातल्या खऱ्या वस्तूकडे गेला पाहिजे. नाही गेला तर ते यंत्र तिथं ठेवूच नये. डोक्यात तीन गोष्टी आहेत: उत्खननाचे थर दाखवणारे ओढायचे खण, तगर ते भडोच असा माल भरून गाडी हाकायचा टेबलावरचा खेळ, आणि गोरोबाकाकांचं गाव आहे म्हणून कुंभाराचं चालतं चाक.

तुम्ही कुठल्या संग्रहालयात कशापाशी थांबलात? आणि काय बघून वैतागलात?

सर्किटवाला

वैतागायचं म्हणता तर काळी पडलेली स्क्रीन आणि तिच्यावर चिकटवलेला "बंद आहे" असा कागद. हा कागद मी इतक्या ठिकाणी बघितलाय की बास.

मी हीच कामं करतो म्हणून सांगतो, यंत्र खराब असतं म्हणून बंद पडत नाही. लाइट जाते, येते, परत जाते, आणि आतला छोटा संगणक मेमरी कार्डावर काहीतरी लिहीत असताना वीज तुटली की कार्ड बिघडतं, मग ते उघडायला येणारा माणूस पुण्यात आणि संग्रहालय आडगावात. त्यामुळे पहिला नियम, कार्ड फक्त वाचायच्या मोडवर ठेवा, त्यावर काही लिहिलंच जाऊ नये. दुसरा, भिंतीवरचं बटण दाबलं की सगळं आपोआप सुरू झालं पाहिजे, शिपाईमामांना माऊस हातात धरायची वेळ येता कामा नये. तिसरा, यूपीएस आणि व्होल्टेज सांभाळणारं यंत्र हे बजेटमध्ये शेवटी उरलेल्या पैशांतून नाही तर सुरुवातीलाच घ्या. आणि प्रोजेक्टर घेतलात तर लेझरचाच घ्या, दिव्याचा घेऊ नका. दिवा काही हजार तासांत मान टाकतो आणि नवा दिवा मंजूर व्हायला वर्ष जातं, लेझरवाला साधारण वीस हजार तास धरायला हरकत नाही.

बोरी_बाभळी

+१ सर्किटवाला. बाकी चर्चा वाचतेय. चांगला धागा.

वर्गशिक्षिका

माझा मुद्दा वेगळा आहे. मी सातवीच्या मुलांना सहलीला नेते. एका बसमध्ये पन्नास-साठ मुलं असतात आणि आम्हाला एका ठिकाणी जेमतेम पाऊण तास मिळतो, कारण पुढं तुळजापूर करायचं असतं. आता तुमच्या दालनात एक टचस्क्रीन आहे समजा. वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा तिच्यापुढे उभा राहतो, दोघं त्याच्या खांद्यावरून बघतात, उरलेली सगळी मागे ढकलाढकली करतात आणि मी ओरडत असते. मुलींना तर बहुतेक वेळा हातच लावायला मिळत नाही. हे कुणी डिझाइन करताना बघत नाही कारण डिझाइन करणारा एकटा शांतपणे स्क्रीनपुढे बसून ते तपासतो.

म्हणून माझी मागणी, जे काही कराल ते एका वेळी आठ-दहा मुलांना चारी बाजूंनी करता येऊ दे. गाडीचा खेळ टेबलावर आहे हे त्यासाठीच आवडलं. आणि टेबलाची उंची मुलांची धरा.

खापरी

पुरातत्त्वाची विद्यार्थिनी इथे. तगरवाट, खणांची कल्पना फार आवडली पण मनात एक शंका आहे. तुम्ही वरून खाली सहा-सात खण करणार, वरच्यात आजचं प्लास्टिक, खाली निजामाच्या काळातलं नाणं, त्याखाली यादवकाळ, सगळ्यात खाली सातवाहन, असंच ना? बघणाऱ्याला वाटेल जमीन अशी शिस्तीत रचलेली असते. प्रत्यक्षात तसं नसतं. कुणी तरी पुढच्या काळात धान्यासाठी पेव खणलेलं असतं, ते खालचे तीन थर फोडून गेलेलं असतं, त्यात वरची खापरं पडलेली असतात. कुठं पाया खणताना जुन्या विटा उपसून नव्या भिंतीत घातलेल्या असतात. उत्खनन करणाऱ्याचं खरं डोकं तिथं लागतं.

मग असं करता येईल का, की तीन खणांतून आरपार जाणारा एक गोल नळा ठेवायचा. म्हणजे वरचा खण ओढला की पेवाचं तोंड दिसेल, खालचा ओढला की त्याच सातवाहन मातीत मधेच एक गोल आणि त्यात नंतरच्या काळातली बांगडी. आणि तिथं एकच प्रश्न लिहायचा: ही बांगडी इथं कशी आली? उत्तर लगेच द्यायचं नाही. पोरं भांडू देत.

तेरला १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं होतं, त्याचा अहवाल छापलेला आहे. त्यातले थरांचे छेद बघून खण करा, मनाने रंगवू नका.

तगरवाट

खापरी, हे फारच भारी आहे. नळा घेतला. खण ओढताना तो अडणार नाही असा प्रत्येक खणात तुकडा तुकडा बसवावा लागेल, पण जमेल.

वर्गशिक्षिका, साठ मुलांचं गणित मी मांडणीत घेतो. तीन गट करून तीन टेबलं, आणि प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटांत संपेल एवढंच. चालेल का?

वर्गशिक्षिका

पळेल!

यॉर्कची_वारी

मी सध्या इंग्लंडात यॉर्कजवळ राहतो. इथं जॉर्विक नावाचं व्हायकिंग लोकांचं केंद्र आहे, १९८४ पासूनचं. कॉपरगेट नावाच्या गल्लीत १९७६ ते ८१ उत्खनन झालं आणि नेमक्या त्याच जागी जमिनीखाली त्यांनी जुनी वस्ती परत उभी केली, छोट्या डब्यांत बसून तिच्यातून फिरायचं. सगळ्यांना आठवतो तो तिथला वास. धूर, मासे, चामडं, संडास, सगळं. माझ्या मुलाला तिथली एकही तारीख आठवत नाही पण वास आठवतो आणि लोक उघड्यावर कातडं कमवायचे हे आठवतं.

तेरसाठी वास का नको? कापड रंगवायचा, ओल्या मातीचा, भट्टीचा. स्क्रीनपेक्षा स्वस्त पडेल.

अजून एक, २०१५ च्या डिसेंबरात यॉर्कला पूर आला आणि जॉर्विकमध्ये पाणी घुसलं, ते परत उघडायला २०१७ चा एप्रिल उजाडला. तेर तेरणेच्या काठावर आहे. वायरिंग जमिनीतून नेऊ नका.

खडकाळ_माणूस

मला हे सगळं थोडं जुनाट वाटतंय. खण, टेबल, वास. आजच्या पोराच्या हातात घरी मोबाइल आहे, त्याला तुम्ही लाकडी खण ओढायला लावणार? गुजरातेत वडनगरला जानेवारी २०२५ मध्ये एवढं मोठं संग्रहालय उघडलं, मदुराईजवळ कीळडीचं २०२३ मध्ये. त्या राज्यांनी आपल्या उत्खननांचा केवढा अभिमान बाळगलाय. आपण मात्र कमी स्क्रीन, स्वस्त वास असं म्हणत बसायचं. व्हीआर, म्हणजे आभासी जग दाखवणारा चष्मा लावून दोन हजार वर्षांपूर्वीच्या तगरच्या बाजारात उभं राहता आलं तर मराठवाड्यातला पोरगा ते आयुष्यभर विसरणार नाही. मराठवाड्याला नेहमी साधंच का द्यायचं?

सर्किटवाला

खडकाळ_माणूस, शेवटचा प्रश्न रास्त आहे, त्याचा राग मलाही येतो. पण चष्म्याचं गणित ऐका. एक चष्मा एका वेळी एकाला. लावायला, काढायला, पुसायला आणि चक्कर आली तर धरायला एक माणूस कायम उभा पाहिजे. पाच मिनिटांचा अनुभव धरला तरी तासाला दहा-बारा जण. बाईंची बस आली की काय करणार? आणि दोन-तीन वर्षांत ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं, सुटा भागही मिळत नाही.

पैसे ओतायचेच असतील तर मोठ्या भिंतीवर प्रोजेक्शन करा, सगळी बस एकदम बघेल. शिवाय वडनगरची खरी ताकद त्यांच्या स्क्रीनमध्ये नाही, खोदलेली जागा तिथंच उघडी बघायला मिळते त्यात आहे.

खापरी

आणि तगरचा बाजार नेमका कसा दिसायचा हे आपल्याला किती माहितीय? खापरं, मणी, विटा, काही इमारतींचे पाये. व्हीआरमध्ये सगळं भरावं लागतं, छप्पर, कपडे, चेहरे, दुकानांच्या पाट्या. त्यातलं नव्वद टक्के कलाकाराच्या मनातलं असतं आणि पोरगा मात्र घरी जाऊन सांगतो की तगर असं होतं. माझा व्हीआरला विरोध नाही, पण जे माहीत आहे ते ठळक आणि अंदाजाचं फिकट असं तरी दाखवा, म्हणजे कळेल तरी.

खडकाळ_माणूस

फिकट-ठळकची कल्पना पटली. मग तेच मोठ्या भिंतीवर करा. पण करा. लोकांना "वा" म्हणावंसं वाटेल असं एक तरी पाहिजेच.

त्रिविक्रम_गल्ली

आमी तेरचेच. ह्यो धागा वाचून बरं वाटलं, लोक गावाबद्दल एवढं बोलायलेत. येक सांगतो, त्रिविक्रमाच्या देवळाचं काय करनार ते आधी ठरवा. विटांचं, मागून गोल, आत त्रिविक्रम विष्णूची मूर्ती. आमी लहानपनापासून दर्शनाला जातो. पुस्तकवाले म्हनतात की मुळात ते बौद्ध चैत्य, म्हंजे बौद्धांचं प्रार्थनागृह होतं. गावात काहींना ते पटतं, काहींना नाही. तुमी यंत्रावर एकच गोष्ट लिहिली की अर्धं गाव नाराज.

खापरी

चैत्याची गोष्ट हेन्री कझिन्स या अभ्यासकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली, मुख्यतः मागच्या गोलाकार बांधणीवरून आणि छताच्या आकारावरून. आंध्रात चेजर्ला इथं कपोतेश्वराचं देऊळ आहे तेही असंच, विटांचं आणि मागून गोल. पण तशा आकाराची ब्राह्मणी देवळंही बांधली जायची असं म्हणणारेही आहेत. म्हणजे गावकऱ्यांचा प्रश्न रास्तच आहे.

तगरवाट

यावर मी बराच विचार केलाय. देवळाचं एक मोठं मॉडेल ठेवायचं, त्याचं छप्पर, मंडप, मागचा गोल भाग सुटे करता येतील असे. मंडप उचलून बाजूला ठेवला की मूळची विटांची वास्तू दिसते, कारण मंडप नंतरचा आहे हे बघणाऱ्याला हाताने कळतं. शेजारी कार्ल्याच्या चैत्याचा छेद आणि चेजर्लाचं छोटं मॉडेल. कुठं काय जुळतं ते तुम्हीच लावून बघा. आणि शेजारी टेलिफोनच्या रिसीव्हरसारखे तीन कानाला लावायचे हँडसेट: एकात चैत्य होतं म्हणणाऱ्याचं म्हणणं, दुसऱ्यात नव्हतं म्हणणाऱ्याचं, तिसऱ्यात गावातला दर्शनाला जाणारा माणूस. निकाल आम्ही देणार नाही.

त्रिविक्रम_गल्ली

तिसऱ्यासाठी मानूस मी देतो. गावात येक आजोबा हायत, बोलायला बसले की उठत नाहीत.

सर्किटवाला

हँडसेट उत्तम. स्पीकर लावले की तीन आवाज एकमेकांत मिसळतात आणि शेवटी कर्मचारी वैतागून सगळेच बंद करतात. फक्त वायर स्टीलच्या वेटोळ्यातली घ्या, आणि उचलला की आवाज सुरू, ठेवला की पहिल्यापासून, एवढंच. एकही बटण नको.

स्पर्शवाट

मी दृष्टिहीन आहे, स्क्रीन रीडरवर हे वाचतोय. आतापर्यंत एकानेही माझ्यासारख्यांचा विषय काढला नाही तरी तुमचे खण, मॉडेल आणि हँडसेट हे माझ्या उपयोगाचं निघालंय, म्हणून मुद्दाम लिहितोय. काचेच्या कपाटांच्या संग्रहालयात मी फक्त बरोबरच्या माणसाचं वर्णन ऐकत फिरतो. टचस्क्रीन म्हणजे माझ्यासाठी अजून एक काच.

त्या हस्तिदंती मूर्तीची प्रत करणार असाल तर दोन गोष्टी. एक, थ्रीडी प्रिंटरमधून काढलेली पोकळ प्लास्टिकची प्रत हातात घेतली की ती फार हलकी लागते आणि थरांच्या रेघा बोटांना टोचतात, त्यामुळे मूर्तीपेक्षा प्लास्टिकच जास्त कळतं. साच्यातून जड मिश्रणाची ओता आणि घासून गुळगुळीत करा. दुसरं, मूर्ती लहान असल्यामुळे दागिने, केसांची रचना बोटाला उलगडत नाही. मूळ मापाची एक आणि तिप्पट-चौपट मोठी एक अशा दोन जवळजवळ ठेवा. मग मला मापही कळेल आणि कामही.

ब्रेल पाट्या ठेवा, पण आमच्यातल्या सगळ्यांना ब्रेल येत नाही, उतारवयात दृष्टी गेलेल्यांना तर बहुधा नाहीच. त्यामुळे वस्तूचं नीट वर्णन करणारा एक हँडसेट जास्त कामाचा.

तगरवाट

स्पर्शवाट, मनापासून आभार. दोन मापांच्या प्रती पक्क्या. आणि आराखडा पुढे सरकला की तुम्ही प्रत्यक्ष येऊन हात लावून सांगाल का? प्रवासाची सोय मी करीन.

स्पर्शवाट

येईन. आवडीने.

खापरी

मूर्तीच्या प्रतीसाठी स्कॅन करताना जपून. हस्तिदंताच्या आत प्रकाश थोडा शिरतो आणि पृष्ठभाग चमकतो, त्यामुळे साध्या फोटोंवरून मॉडेल केलं की ते वितळल्यासारखं येतं. ध्रुवीकरणाचे फिल्टर लावून फोटो घ्यावे लागतील. आणि हो, मूळ मूर्तीच्या कपाटाजवळ प्रोजेक्टर किंवा कुठलंही गरम होणारं यंत्र नको. हस्तिदंत हवेतल्या दमटपणाच्या चढ-उताराने तडकतं. मराठवाड्यातला मे आणि ऑगस्ट यांत केवढा फरक असतो हे सांगायला नको.

काळी_माती

मी भूकंप बघितलेल्या भागातला. इतिहासाचं दालन म्हणताय तर सातवाहनांवरच का थांबायचं? ३० सप्टेंबर १९९३. किल्लारी, सास्तूर. आमच्या जिल्ह्याचा हाही इतिहासच आहे. भूजला स्मृतिवनात भूकंपाचा अनुभव देणारं थिएटर आहे, जमीन हलते. तसं इथंही करता येईल.

वेशीवरची

काळी_माती, तुमचा हेतू चांगला आहे पण मी अगदी स्पष्ट लिहिते. माझं माहेर त्या भागातलं. पहाटेच्या अंधारात दगड-मातीची घरं माणसांवर पडली, हजारो गेले, आणि आमच्या घरातही जागा रिकामी झाली. माझी आई आजही जमिनीवर जड पावलं वाजली तरी दचकून उठते. तिला तिकीट काढून हलणाऱ्या फळीवर उभं करणार का? आणि बाजूच्याच टेबलावर मुलं गाडीचा खेळ खेळत हसत असणार. नको. भूकंपाचं दालन जरूर करा, वेगळं करा, आवाजात करा. ज्यांनी बघितलं त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, ती माणसं आता म्हातारी झालीत. घरं कशी पडली, नवी कशी बांधली, गावं उठून नव्या जागी गेली तेव्हा काय मागे राहिलं, हे सगळं सांगायला लोक तयार आहेत. पण जमीन हलवू नका.

काळी_माती

ताई, पटलं. रेकॉर्डिंगच. त्यासाठी माझ्या ओळखीचे काही जण आहेत, व्यक्तिगत निरोप पाठवतो.

खडकाळ_माणूस

वेशीवरची, हे वाचून गप्प झालो. काळी_माती, रेकॉर्डिंगला मदत लागली तर मीही आहे.

ओली_माती

आता माझं ऐका. घरचा धंदा कुंभारकीचा, मी नोकरीत आहे पण भाऊ अजून चाकावर बसतो. तगरवाट तुम्ही कुंभाराचं चालतं चाक ठेवणार म्हणलात. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून नामदेवाचं मडकं कच्चं म्हटलं ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे, ते ठीकच आहे. पण चाकावर माणूस बसवणार म्हणजे नक्की काय? उद्घाटनाला फोटोपुरता एक दिवस, आणि मग चाक कोपऱ्यात धूळ खात? माझ्या भावाने हे भोगलंय, एका मेळाव्यात दिवसभर बसवलं आणि शेवटी नारळ आणि शाल. बसवायचं तर महिन्याच्या पगारावर बसवा, त्याने केलेलं विकायची जागा द्या, आणि त्याला बोलू द्या. लोकांनी फक्त बघायचं असेल तर आमचा माणूस वस्तूसारखा मांडू नका.

तगरवाट

ओली_माती, हे मी आराखड्यात तुमच्याच शब्दांत घालतो. पगार हा चालवायच्या खर्चात धरायचा, कार्यक्रमाच्या खर्चात नाही. आणि पगाराची तरतूद होत नसेल तर चाक ठेवायचंच नाही.

खापरी

यात एक भर घालू का? तेरच्या बऱ्याचशा मूर्ती चाकावर केलेल्या नाहीतच. दुहेरी साच्याच्या आहेत. पुढचा साचा वेगळा, मागचा वेगळा, दोन्हीत पातळ माती दाबायची, मग जोडायच्या, आत पोकळ राहते. सांध्याची रेघ नीट बघितली तर दिसते. म्हणजे मुलांना चाक देण्यापेक्षा साचा द्या! चाकावर पहिल्यांदा बसलेल्याचं काहीच होत नाही, साच्यातून मात्र प्रत्येकाला मूर्ती निघते. ओली_माती, तुमच्या भावाला असे साचे करता येतील ना?

ओली_माती

साचे? पोळ्याचे बैल, गणपती, आमचं आयुष्य साच्यातच गेलं. करेल की. दोन पाकळ्यांचा साचा आहे म्हणता तर माती किती ओली ठेवायची तेही तोच ठरवेल, तुमचे अभ्यासकपण त्याच्याकडून शिकतील काहीतरी.

वर्गशिक्षिका

साचा!! आणि ती मूर्ती मुलांना घरी नेऊ द्या, ओली असली तरी. वर्तमानपत्रात गुंडाळून नेतील. आणि कपाटातल्या मूर्तीची सांध्याची रेघ शोधा असं सांगा, म्हणजे तगरवाट म्हणतात तसे परत खऱ्या वस्तूपाशी जातील.

बोरी_बाभळी

अवांतर: बसमध्ये साठ ओल्या मूर्ती आणि तुळजापूरचा घाट. ड्रायव्हरकाकांना आधीच सांगून ठेवा :)

त्रिविक्रम_गल्ली

येक राहिलं. पाऊस पडून गेला की आमच्या पांढरीत, म्हंजे जुन्या वस्तीच्या जागेत, अजूनबी मनी सापडतात, नानी सापडतात. लोक दाखवत नाहीत, भीती वाटते की सरकार जप्त करेल नायतर पोलीस येतील. लामतुरे आप्पांच्या काळात लोक आपनहून त्यांना आनून द्यायचे. आता कुनाकडं द्यायचं?

खापरी

कायदा आहे, दडवून ठेवता येत नाही. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा. पण आपणहून कळवणाऱ्याला घाबरवायचं काही कारण नाही. संग्रहालयात "काय सापडलं ते दाखवा" असं एक टेबल असावं. अधिकारी माणूस बसलेला, फोटो काढायचा, वजन-माप घ्यायचं, कुठं सापडलं ते गावाच्या नकाशावर टाचणीने लावायचं आणि आणणाऱ्याचं नाव खाली लिहायचं. ही टाचण्यांची भिंत दरवर्षी भरत जाईल. माझ्या मते सगळ्या दालनात हेच सगळ्यात जास्त इंटरॅक्टिव्ह असेल, कारण इथं बघणारा स्वतः इतिहासात भर घालतोय.

सर्किटवाला

आणि त्याला वीज लागत नाही!

यॉर्कची_वारी

इथं इंग्लंडात अशी नोंदणीची योजना सरकारी पातळीवर चालते, शेतात सापडलेल्या हजारो वस्तू लोक आपणहून नोंदवतात. फरक एवढाच की नोंदवून घेणारा अधिकारी गावोगाव जाऊन बसतो, लोकांनी त्याच्याकडे यायची वाट बघत नाही. आपल्याकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची २०१५ पासून फिरती बस आहेच की, शाळांमध्ये जाते. तशीच छोटी गाडी.

खडकाळ_माणूस

मी पुन्हा मूळ प्रश्नाकडे येतो. गाडीच्या खेळात नेमकं करायचं काय? फक्त माल भरून नेला तर दोन मिनिटांत कंटाळा येईल. बैल दमले पाहिजेत, पाणी लागलं पाहिजे, जकात पडली पाहिजे.

तगरवाट

बरोबर हेच. टेबलावर उठावाचा नकाशा, तेर, पैठण, मग घाट उतरून भडोच. पेरिप्लसप्रमाणे भडोचपासून पैठण वीस दिवस दक्षिणेला आणि तिथून तगर दहा दिवस पूर्वेला, म्हणजे आपल्या बाजूने तीस दिवसांचा प्रवास. प्रत्येक गटाने छोट्या लाकडी गाडीत ठोकळे भरायचे, कापडाचे हलके, काही जड. प्रत्येक ठोकळ्याच्या तळाशी चिप, गाडी मुक्कामावर ठेवली की टेबलाला कळतं आत काय आहे, आणि त्याप्रमाणे दिवस पुढे सरकतात. जड भरलं तर बैल दमतात आणि पावसाळा गाठतो. पैठणला अजून माल घ्यायचा की नाही ते ठरवायचं. भडोचला पोचल्यावर बदल्यात काय हवं ते निवडायचं: दारू, तांबं, सोन्या-चांदीची नाणी. ही यादीही पेरिप्लसमध्येच आहे. आणि शेवटी टेबल सांगतं की तुम्ही निवडलेल्या मालाच्या खुणा तेरच्या कुठल्या कपाटात दिसतात. जकातीचा विचार करतो, नाणेघाटात आहे तसा दगडी रांजण ठेवता येईल, पण नाणेघाट कल्याणच्या वाटेवर, भडोचच्या नाही. त्यामुळे तो इथं घुसडणार नाही.

खडकाळ_माणूस

आता कसं! हे मी पण खेळीन. भिंतीवरच्या प्रोजेक्शनमध्ये त्याच गाड्या निघालेल्या दाखवा, बस सगळी बघेल.

बोरी_बाभळी

मराठी अक्षरांकडे लक्ष द्या कृपया. एका ठिकाणी मी स्क्रीनवर सगळी जोडाक्षरं फुटलेली बघितली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर. बहुतेक ते सॉफ्टवेअर देवनागरीसाठी तपासलंच नव्हतं. आणि मजकूर लिहिणारा माणूस नेमा, भाषांतर करून चिकटवू नका. एका पाटीवर पन्नास-साठ शब्दांच्या वर नको, उभ्याने कोण वाचतं.

तगरवाट

हे आधीच्या यादीत वर घेतो. पहिली मराठी, तीही इकडच्या बोलीला जवळची, मग हिंदी, इंग्रजी. सोलापूरकडून कन्नड बोलणारे बरेच येतात त्यामुळे हँडसेटवर कन्नडही.

पुढचं पाऊल असं ठरवलंय. पैसे मागायला जाण्याआधी पुठ्ठ्याचे खण, पुठ्ठ्याची गाडी आणि ओली_माती यांच्या भावाचा एक साचा घेऊन तेरच्याच शाळेत एक दिवस करून बघायचं. वर्गशिक्षिका, तुमची सातवीही येऊ शकली तर फार बरं. स्पर्शवाट, तुम्हीही. कुठं गर्दी होते, काय तुटतं, कशापाशी मुलं परत परत येतात ते लिहून काढू. तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतरची धरतोय.

वर्गशिक्षिका

सुट्टीनंतर लगेच नको, सहामाही पेपर तपासणी असते. डिसेंबरचा दुसरा आठवडा बघा, मी मुख्याध्यापकांशी बोलते.

त्रिविक्रम_गल्ली

शाळेतल्या गुरुजींशी मी बोलतो. जेवनाची सोय गावाकडं. आजोबांचं रेकॉर्डिंग मातर सकाळी करा, दुपारी ते झोपतात.

सर्किटवाला

मी येतो, चिपवाला टेबलाचा कच्चा नमुना घेऊन. खणांची मापं पाठवा तगरवाट, आणि पुठ्ठ्याचे असले तरी सरकपट्टी लोखंडी बेअरिंगवालीच लावा, प्लास्टिकची साठ मुलांत दुपारपर्यंत टिकणार नाही. शेवटी खण पूर्ण बाहेर येऊ नये म्हणून मागे अडसर लागेल, तो मी इथून करून आणतो.